आतोबांचा कोंडवाडा

साऱ्या पनवेलात गाढवाला 'अहो' आणि नगराध्यक्षांना 'अरे' म्हणणारा माणूस एकच होता, आणि आमचं भाग्य असं की तो आमच्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आम्ही मुलं त्यांना आतोबा म्हणायचो. रस्त्यात म्हैस आडवी आली की आतोबा टोपी सारखी करून बाजूला उभे राहत, "या, आपण आधी," म्हणत. आणि मागून पोस्टमास्तर घाई करायला लागले तर "अरे, थांब की जरा, बाईमाणूस जातंय," असं त्यांनाच दटावत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "माणूस मान मागून घेतो. यांनी कुणाकडे मागायचा?"

अशा माणसाची नोकरी टिकणार कशी? मिठाच्या वखारीत कारकून झाले, तर येणाऱ्याजाणाऱ्या गाईच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायला लागले. थोड्याच दिवसांत वखारीपुढे एवढी गुरं जमायला लागली की गिऱ्हाइकाला मालक दिसेना आणि मालकाला गिऱ्हाईक. मग भातगिरणीत लागले. तिथे ऐन हंगामात, जुवाने खांदा सोललेला एक बैल पाहून त्यांनी गाडी जागच्या जागी सोडायला लावली, आणि तिच्यामागे भाताच्या गाड्यांची रांग थेट तळ्यापर्यंत गेली. गिरणीमालक ओरडला, "तू माझा नोकर आहेस का बैलाचा?" आतोबांनी क्षणभर अगदी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "बैलाचा." त्या दुपारी ते जेवायला घरीच होते.

आत्याने मात्र निर्वाणीचं सांगितलं. "आता जनावरांचीच नोकरी धरा एकदाची. आणि तीही घालवलीत, तर मी चालले पेणला दादाकडे. तुम्ही बसा गोठ्यात." हा दादा म्हणजे आमचे वडील आणि पेणला आमच्या खोल्या दोन, त्यामुळे आतोबांच्या नोकरीसाठी आमच्या घरीसुद्धा देव पाण्यात घालून ठेवलेले असत.

देव पावले. नगरपालिकेच्या कोंडवाड्याची जागा रिकामी झाली. लोकांच्या शेतांत शिरलेली, बाजारात धुमाकूळ घालणारी गुरं तिथे कोंडायची आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यायची, असं ते काम. आधीच्या रखवालदाराला बाजारातल्या पांढऱ्या वळूने कुंपणावरून पलीकडे पोचवलं होतं, आणि तो तसाच पुढे आपल्या गावी निघून गेला होता. नगराध्यक्षांनी आतोबांना विचारलं, "अनुभव काय?" आतोबा म्हणाले, "अरे, आजवरची प्रत्येक नोकरी जनावरांपायीच गेली. याहून अनुभव तो काय असतो?"

नोकरी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी आतोबांनी कोंडवाड्याचं फाटक सताड उघडं टाकलं. आत गोचिड्या काढणं, शिंगांना तेल लावणं, पाठी खाजवणं सुरू झालं. ओवे गावचा एक शेतकरी आपली म्हैस सोडवायला आला, तर ती उठेचना.

"ओ काका, काय केलं माज्या म्हशीला? घरी यायचं नावच घेत नाय!"

"अरे, तू तिला हाक कशी मारतोस?"

"कशी म्हंजे? ए काळे, चल!"

"मग कशाला येतील त्या? 'चला, काळूबाई' म्हण."

त्याने कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखं अदबीने म्हणाला, "चला, काळूबाई." बाई उठल्या. शेतकरी हात जोडून म्हणाला, "हे सांगू नका हां आमच्या घरी. बायको म्हणंल, मला कदी असं बोलला नाय!"

बोभाटा व्हायचा तो झालाच. आम्ही सुटीत तिथेच होतो. एका दुपारी नगराध्यक्ष स्वतः आले. "फाटक उघडं टाकून पगार घेता?"

"अरे, फाटक लावल्यावर कुणीही राहील."

"असं? मग आत्ता माझ्यासमोर एक जरी जनावर बाहेर पडलं, तर उद्यापासून येऊ नका."

हे ऐकूनच की काय, बाजारातून आत येऊन बसलेला तोच पांढरा वळू उठला. समोर बाजारात कोबी रचलेली होती. तो डुलत डुलत फाटकापाशी आला आणि त्याने एक पाय बाहेर टाकला. आतोबांचा चेहरा उतरला. फाटक हाताच्या अंतरावर होतं, पण त्यांनी हात काही लावला नाही. "आपली मर्जी," एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात आत्या जेवणाचा डबा घेऊन आली. शेणाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी आमची आत्या! तिने नगराध्यक्षांकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचून ती वळूसमोर उभी राहिली आणि डब्यातली भाकरी पुढे धरून म्हणाली, "भाऊजी, एवढ्या उन्हाचं कुठे निघालात? जेवून जा."

भाऊजी थांबले. भाकरीचा वास घेतला, पाय आत घेतला आणि तिच्यामागून निमूट सावलीत जाऊन बसले. नगराध्यक्षांनी जाताना टोपीला हात लावला. तो आतोबांना, आत्याला की वळूला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

आत्या पेणला कधी राहायला आली नाही. त्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त जाऊ लागली, ती आतोबांचे केस पिकून नोकरी संपेपर्यंत. आता दोघंही नाहीत. परवा पनवेलात उतरलो, तर भर रस्त्यात एक म्हैस आडवी. मागे मोटारवाला भोंगा वाजवून वाजवून लाल झालेला. मी टोपी घालत नाही, म्हणून नुसतेच केस सारखे केले आणि म्हणालो, "या, आपण आधी."

ती गेली. चार पावलांवर थांबून तिने मान वळवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी कुणाच्या घरचा ते आठवत असल्यासारखं.