शिराळ्याला नेलेला केक

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. ज्यांनी काशी-रामेश्वर पाहिले, बोटीने समुद्र ओलांडला, त्यांनी लिहावे आणि आपण वाचावे, ही रीत योग्यच आहे. मी साताऱ्याहून शिराळ्याला जाऊन आलो, एवढाच माझा प्रवास. त्यात पाहिले थोडे आणि वैतागलो फार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. जत तालुक्यातल्या आमच्या गावी माझे लिहिलेले कोणीतरी वाचून दाखवते आणि बाकीचे ऐकतात. त्यांना कंटाळा येऊ नये एवढी काळजी घेतो.

प्रवासाचे कारण होते एका मुलीचा वाढदिवस. साताऱ्यात मी बोर्डिंगात राहतो आणि संध्याकाळी एका गुरुजींच्या घरी कुंदाला गणित व इंग्रजी शिकवतो. कुंदा ही गुरुजींच्या पत्नीची भाची. तिचे वडील फौजेत सुभेदार आहेत, सरहद्दीवर असतात. आई लहानपणीच वारली. तिला वाढवले शिराळ्याच्या थोरल्या काकींनी, आणि शाळेसाठी ती साताऱ्याला आत्याकडे, म्हणजे गुरुजींच्या घरी, राहिली. यंदा ती आठवीत गेली तेव्हा काकींचा निरोप आला : सातवी झाली, लय झालं, पंचमीला पोरगी आली की ठेवून घेणार. सुभेदारांना विचारले तर ते म्हणाले, वहिनींनी वाढवलं, वहिनी म्हणतील तसं.

म्हणजे काकींनी मनावर घेतले तरच कुंदाची शाळा, नाहीतर पंचमीला संपली.

कुंदाची जन्मतारीख यंदा नेमकी नागपंचमीला येत होती. त्यावरून आत्याबाईंना युक्ती सुचली. वर्गातल्या दोन मैत्रिणी घेऊन जायचे आणि वाढदिवस काकींच्याच घरी करायचा. शिकणाऱ्या मुली कशा असतात ते वहिनींना डोळ्यांनी दिसू दे, असे त्यांचे म्हणणे. घरात सून बाळंत झालेली असल्यामुळे त्यांना निघता येईना. गुरुजी जाणार होते आणि मी "मदतीला". मदतीला म्हणजे सगळ्याला, हे मला मागाहून कळले.

वाढदिवस कसा करतात हे मी कधी पाहिले नव्हते. माझा स्वतःचा जन्म जतच्या बाजारादिवशी झाला, एवढेच माझी आई सांगते. मुलींना मात्र सगळे ठाऊक होते. मैत्रिणींपैकी शकू एकदा कोणा लष्करी साहेबाच्या मुलीच्या वाढदिवसाला गेली होती. त्या एका तासाच्या बळावर ती आमची अधिकारी झाली.

"केक पाहिजेच," ती म्हणाली. "त्यावर मेणबत्त्या. त्या फुंकायच्या, मग सुरीनं केक कापायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि टोप्या."

"टोप्या कशाला?"

"अहो सर, टोप्यांशिवाय वाढदिवस कसा होईल?"

मी रंगीत कागदाच्या टोप्या केल्या. फुगे आणले. बारीक मेणबत्त्या कुठे मिळाल्या नाहीत, म्हणून वाण्याकडच्या जाड मेणबत्त्या घेतल्या, त्याही चारच. तशा बारा लावल्या असत्या तर केक दिसलाच नसता. सदर बाजारातल्या बेकरीवाल्याने गुलाबी साखरेचा थर दिलेला केक बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून दिला आणि बजावले, "आडवा-उभा करू नका, हलवू नका, उन्हात धरू नका." एस. टी.ने जायचे आहे हे मी त्याला सांगितले नाही.

पंचमीच्या पहाटे आम्ही साताऱ्याहून निघालो. उंब्रजच्या अलीकडे दुसरी मैत्रीण लीला हिला उलटी झाली. मी डबा एका हाताने वर धरला आणि दुसऱ्या हाताने तिचे डोके खिडकीबाहेर. गुरुजी पुढच्या बाकावर वेळेचे महत्त्व या विषयावर शेजाऱ्याशी बोलत होते. कराडच्या स्टँडवर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने पायांवर डोके ठेवले आणि घरी चहाला चलाच म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," गुरुजी मला म्हणाले. "मी मागच्या गाडीनं आलोच."

शिराळ्याच्या जत्रेच्या दिवशी मागची गाडी म्हणजे काय, हे सांगायला कोणी नव्हते. पुढचीच गाडी इतकी भरली होती की कंडक्टरने मुलींना खिडकीतून आत घेतले. मला दारातून ढकलले.

"मास्तर, डबा मांडीवर घ्या की! त्येचं तिकीट काढलंय का?"

"मला बसायलाच जागा नाही, तर मांडी कुठून आणू?"

सगळी गाडी हसली. एका धोतरवाल्या म्हाताऱ्याने सरकून मला टेकण्यापुरती जागा दिली. त्याच्या मांडीवर तोंडाला फडके बांधलेले मडके होते.

"डब्यात काय हाय?" त्याने विचारले.

"केक आहे. गोड पाव असतो तसा. मडक्यात?"

"नाग," तो म्हणाला. "परवा धरला बांधावर. देवीम्होरं न्यायचा, पुजायचा, पुन्ना हुता तिथं सोडायचा. पाय नगा लावू, झोपलाय."

पेठ गाठेपर्यंत मी पाय वर धरून बसलो. कुंदा मात्र वाकून वाकून मडक्याशी बोलत होती. म्हाताऱ्याने तिला विचारले, कितवीत आहेस. ती म्हणाली, "आठवीत. आजच्या दिवस तरी."

पेठहून गाडी पश्चिमेला वळली आणि उसामागून भाताची खाचरे लागली. डोंगर हिरवेगार, आणि प्रत्येक उताराला पाणी. आमच्याकडे श्रावणात शाळूच्या पेरणीची चिंता असते आणि बायका घागर घेऊन मैलभर जातात. इथे एवढे पाणी रस्त्याकडेला कोणाचेच नसल्यासारखे वाहत होते. ते पाहून आनंदाऐवजी मला रागच आला. कोणावर, ते सांगता येणार नाही.

शिराळ्यात गाडीतून उतरणे हेही एक काम होते. रस्ते माणसांनी भरलेले. सजवलेल्या बैलगाड्या, हलगी, लाह्या-बत्ताशांची दुकाने आणि जिकडेतिकडे मडकी. परगावचे लोक नाग बघायला गर्दी करत होते, तर गावातल्या बाया नागांना ओवाळत होत्या. मी तीन मुली मोजत, डबा डोक्यावर धरून काकींच्या घरापर्यंत पोचलो.

काकी उंच आणि मितभाषी. कुंदाच्या तोंडावरून त्यांनी दोन्ही हात फिरवले, मैत्रिणींना आत धाडले आणि मला सोप्यावर (घराच्या पुढच्या उघड्या भागात) बसवून पाणी सांगितले.

"गाव कुठलं म्हनायचं?"

मी गाव सांगितले.

"कुणापैकी?"

"आम्ही बौद्ध."

"छप्पन सालचं?"

"होय."

काकी काही वाईट बोलल्या नाहीत. "बसा," एवढेच पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी हात सोप्याच्या कडेकडे झाला. पाण्याचा तांब्या आतून आला तो वरूनच ओंजळीत रिकामा झाला. चहा कान तुटलेल्या कपात आला. चहा पिऊन मी कप विसळून दगडावर पालथा घातला. मला हे नवीन नव्हते. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवतात, त्यामुळे थोडी सवय मोडली होती, इतकेच. अडचण निराळी होती : वाढदिवसाची सगळी तयारी माझ्या डोक्यात होती, वाढदिवस घराच्या आत होता आणि मला उंबरा ओलांडायचा नव्हता.

मग मुलींची ये-जा सुरू झाली. मी सोप्यावरून सांगायचे, त्यांनी आत पोचवायचे आणि उत्तर घेऊन यायचे.

पहिली शकू आली. "सर, काकी सुरी देत नाहीत."

"का?"

"आज पंचमी. चिरायचं नाही, कापायचं नाही. विळीसुद्धा बांधून ठेवलीय. तवापण चढवायचा नाही म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. आमच्या घरी धर्म बदलल्यापासून पंचमी होत नाही, आणि त्याआधीची माझ्या लक्षात राहिली नव्हती. आत्याबाईंना पंचमी ठाऊक होती, पण केकला सुरी लागते हे त्यांच्या गावी नव्हते. मला सुरी ठाऊक होती. गुरुजींना दोन्ही ठाऊक असावे, पण ते कराडला चहा पीत होते.

"सांग, हातानं मोडू. भाकरी मोडतो तसा."

शकू आत गेली. लीला बाहेर आली. "मोडा म्हणतात. पण मेणबत्त्या कशाला, म्हणतात."

"पेटवून फुंकायच्या, म्हणून सांग."

आतून काकींचा आवाज मलाच ऐकू आला : "पोरीच्या वाढदिसाला दिवा फुकून इझवायचा? कुणी शिकवलं गं हे?"

लीला परत आली. "सर, त्या म्हणतात..."

"ऐकलं. फुंकू नका. नुसत्या पेटवा, आपोआप विझतील."

त्या जाड मेणबत्त्या आपोआप विझायला रात्र झाली असती. थोड्या वेळाने आतून शकूची आरोळी आली की मेण केकवर गळतेय, आणि त्यापाठोपाठ तिचाच मोठा, हुशार आवाज : "काही होत नाही काकी, वरचा थर काढून टाकू. आत अंडं घातलेला भाग चांगला असतो."



श्रावण चालू होता. श्रावणात त्या घरात अंडे काय, कांदासुद्धा शिजत नव्हता. शकूच्या आणि लीलाच्या घरीही तसेच, फक्त केकमध्ये अंडे असते हे लीलाला आत्ताच कळले. ती रडू लागल्याचे मला ऐकू आले. मी उठून उभा राहिलो, पुन्हा बसलो. काय करणार?

मग कुंदा स्वतः बाहेर आली. दोन्ही हातांवर अख्खा केक, त्यात चार मेणबत्त्या विझवून काढल्याची भोके. तिने तो माझ्यापुढे ठेवला. मान खाली होती.

"काकी म्हणते, तुम्ही खा. तुम्हाला चालतं."

ती आत गेली. सोप्यावर मी, रंगीत टोप्या आणि केक. येणारे-जाणारे बघत होते. मी केक पूर्वी कधी खाल्ला नव्हता. एक तुकडा मोडून खाल्ला. मेणाचा वास येत होता, पण चवीला चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुसरा मोडला नाही; उरलेल्या केकवर टोप्या झाकल्या.

वाढदिवस माझ्याशिवाय झाला. काकींनी कुंदाला पाटावर बसवून ओवाळले. दिंडे (पुरण भरून घडी घातलेली आणि उकडलेली पोळी) झाली होती, ती तुपाबरोबर मुलींनी भरपूर खाल्ली. मलाही पत्रावळीवर चार आली. परसातल्या लिंबाला झोका होता. गल्लीतल्या बायका जमल्या, मुलींनी फेर धरला, शकूने सर्वांना इंग्रजी कविता म्हणून दाखवली आणि ती कोणाला कळली नाही तरी सगळ्या हसल्या. परसातले हे सारे मी घराशेजारच्या बोळातून पाहिले.

झोक्याजवळ काकींनी लीलाला विचारलेले मात्र स्पष्ट ऐकू आले.

"काय गं, तुझी आई तुला येवढ्या लांब शाळंला धाडती, तिला काळजी न्हाई वाटत?"

"वाटते की," लीला म्हणाली. "पण ती म्हणते, माझं राहिलं, ते तू शीक. मी उलट्या करत आले तरी ती मला पाठवतेच."

काकी हसल्या. मग बराच वेळ झोक्याची दोरी धरून उभ्या राहिल्या.

दिवस मावळताना गुरुजी छत्री टेकत आले. तीन गाड्या सुटल्या होत्या, चौथीत उभे राहून आले होते. "झाला का वाढदिवस? केक राहिलाय का?" म्हणाले. श्रावणाची आठवण मी करून दिली नाही. त्यांनी मोठा तुकडा खाल्ला आणि मेणाचा वास कसला, असे विचारले.

सकाळी निघताना कुंदा आमच्याबरोबर नव्हती. गुरुजींनी विषय काढला तेव्हा काकी म्हणाल्या, "इच्यार करू द्या मला. सांगून धाडीन." कुंदा दारात उभी होती. वही-पुस्तके साताऱ्यालाच होती, म्हणून हातात काही नव्हते. परतीच्या गाडीत शकू आणि लीला एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला सगळ्यांचाच राग येत होता : गुरुजींचा, बेकरीवाल्याचा, शकूचा. जास्त राग याचा की मी त्या उंबऱ्याबाहेर मुकाट बसलो आणि तरीही काकींना मी आवडावा असे मला दिवसभर वाटत राहिले. कारण मी नाही आवडलो तर कुंदाचे काय, ही धास्ती होती.

त्यानंतर मी रोज दुपारी साताऱ्याच्या स्टँडवर जाऊ लागलो. आमच्या भागात निरोप कंडक्टरच्या तोंडी येतात, पोस्टापेक्षा लवकर आणि सगळ्या स्टँडला ऐकू जातील असे. शिराळ्याची गाडी यायची, कंडक्टर मान हलवायचा, मी बोर्डिंगात परत. वर्गात कुंदाची जागा रिकामीच आहे, असे शकू सांगायची.

एके दिवशी गाडी थांबायच्या आतच कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "मास्तर! निरोप हाय! काकी म्हणत्यात, पोरीला शिकू द्या. सोमवारी ह्याच गाडीनं धाडत्यात, तांदळाचं पोतं बी बरोबर हाय!"

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा मोठ्याने हसलो असेन, कारण आजूबाजूचे लोकही हसले.

तो खाली उतरला, जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आन शिकवणीला मास्तर दुसरा बघा, असं बी म्हणाल्यात. का, ते न्हाई सांगितलं. उद्या जातोय, इच्यारून येऊ का?"

"नको," मी म्हणालो. "गुरुजींना निरोप देतो. सोमवारी तिला उतरवून घ्यायला कोणीतरी यायला हवं."