शिक्क्यावरचं कुंकू

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की असल्या तापट बाईला कसला आलाय देवाचा अनुभव. शांत, सोशिक माणसांनाच देव भेटतो असं मीही लहानपणापासून ऐकत आले. माझ्या बाबतीत तो भेटला असेल तर मी रागानं थरथरत असताना भेटला, आणि तेही मुंबईत, एका परदेशी वकिलातीच्या जाड काचेसमोर. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. नंतर त्याच देशानं मला पुष्कळ दिलं, तरी त्या काचेवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. बाजरीवर गोसावी नावाचा रोग पडतो. कणसाच्या जागी नुसता हिरव्या पानांचा झुपका येतो, दाणा म्हणून एक नाही. तो रोग मी लहानपणी आमच्याच रानात पाहिला होता, आणि पुढे त्यावरच पीएच.डी. केली. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. वडील मी शाळेत असतानाच गेले, आणि आईनं त्या कोरडवाहू रानाच्या जिवावर मला शिकवलं. मी नगरच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होते, तेव्हा परदेशातल्या एका प्राध्यापकांनी मला दोन वर्षांच्या संशोधनासाठी बोलावलं. या रोगावर नीट काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक मला ये म्हणत होती. सप्टेंबरात हजर झाले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. आता फक्त व्हिसा राहिलाय, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. 'फक्त' म्हणायची मी, काय ते भोळेपण!

काचेपलीकडच्या साहेबानं माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. लग्न झालंय का? नाही. नोकरी कायमची? नाही. नावावर घर? नाही. मग तू परत येशील कशावरून? मी म्हटलं, माझी आई आहे गावी. तो म्हणाला, आई सगळ्यांनाच असते. आणि हे हसून म्हणाला हो! पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर त्यानं एक शिक्का मारला आणि पासपोर्ट फटीतून बाहेर सरकवला. व्हिसा नाकारल्याची ती खूण होती. पुढे कधीही अर्ज केला तरी तो शिक्का आधी बोलणार आणि मी मागून. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण काचेवर काय ओरडणार? परत येताना एस.टी.त मी त्याला मनातल्या मनात इतकं बोलले, इतकं बोलले की नगर आलं तरी माझं संपलं नव्हतं.

घरी आले तर तिथे वेगळंच. चुलते ओट्यावर बसून म्हणाले, "तरी म्या म्हणत हुतो, आधी लगीन कर. एकट्या पोरीला कोन जाऊ देतंय?" मी पायताण काढलं ते उंबऱ्यावर आपटूनच. आत गेले, तर देवघर रिकामं. आमच्या घरी देवाचे टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, खंडोबाचा, मोहट्याच्या देवीचा आणि वाडवडिलांचा. ते सगळे खाली तांब्याच्या घंगाळात, पाण्याच्या तळाशी. मी मुंबईला गेले त्याच दिवशी आईनं ते पाण्यात घातले होते.

"तुजं काम हुईस्तवर न्हाई काडायचे," ती म्हणाली. "बसू दे बुडून. त्यांनाबी कळू दे."

देव पाण्यात घालून बसणं हे आपण बोलताना सहज म्हणतो. पण आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि तो टँकर आला तर आला. बायका घागरी लावून दिवसदिवस बसतात. त्यातलं घंगाळभर पाणी देवांसाठी, आणि ते रोज बदलायचं, कारण शिळ्या पाण्यात देव ठेवायचे नाहीत! आई स्वतः चूळ भरायला पाणी मोजून घेई आणि देवांना मात्र रोज ताजं. मी म्हटलं, अगं, हे काय चालवलंयस? देवाला असं ओलीस धरतात का? त्या साहेबाला काही सोयरसुतक नाही तुझ्या खंडोबाचं. ती म्हणाली, साहेबाला नसंल, खंडोबाला हाय. मी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवावरही राग होता. वर्षानुवर्षं ही बाई त्याच्यासाठी उपास करते, अनवाणी मोहट्याला जाते, आणि त्याला एक शिक्का थोपवता येत नाही?

पुन्हा अर्ज करायची मुभा होती. प्राध्यापकांनी नवं पत्र पाठवलं, तलाठ्याकडून आईच्या नावाचा सातबारा काढला, कॉलेजनं परत आल्यावर घेऊ असं लिहून दिलं. मुलाखतीची तारीखही मिळाली. निघायच्या आधी आईनं विचारलं, त्यो वाईट शिक्का कंचा गं? मी चिडूनच पासपोर्ट उघडून दाखवला. हा बघ. हाच माझ्या राशीला बसलाय. तिनं तो डोळे बारीक करून नीट बघून घेतला. सकाळी पिशवी भरताना मी सहज शेवटचं पान उघडलं. शिक्क्याच्या मधोमध कुंकवाचं बोट. तेलात कालवलेलं, ओलं, ठसठशीत. निम्मी अक्षरं त्याखाली गेलेली.

आमच्याकडे नव्या वस्तूला कुंकू लागल्याशिवाय ती घरात येत नाही. शिवणयंत्राला लागतं, एस.टी.च्या नव्या गाडीला लागतं, माझ्या पदवीच्या भेंडोळीलाही लागलं होतं. पण सरकारी पासपोर्टाला, आणि नेमकं नकाराच्या शिक्क्यावर! मी कापसानं पुसायला गेले तर ते आणखी फासलं. मग मात्र माझा तोल सुटला. शिक्का झाकायचा प्रयत्न केला असंच दिसणार होतं ते, आणि खाडाखोड केली म्हणून मला कायमचं बाद करणार होते. मी आईला नाही नाही ते बोलले. तुझ्या देवांना पाण्यात घातलंस, आता मलाही घातलंस, असंही बोलले.

ती घाबरली होती, पण तिला तिची चूक कळत नव्हती. "पुसलं न्हाई म्या काई," ती हळू म्हणाली. "त्यांचा शिक्का हाय, तसा आपल्याबी देवाचा असू दे म्हनलं."

मी न जेवता, देवांना हात न जोडता निघाले. ती मागून भाकरी बांधून थांब्यावर आली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

काचेपलीकडे या वेळी दुसरा साहेब होता, तरुण. त्यानं पासपोर्ट उघडला तो शेवटच्या पानापासूनच. त्याच्या भुवया वर गेल्या. हे काय आहे, आमचा शिक्का मिटवायचा प्रयत्न केलाय का, असं त्यानं विचारलं. आवाज वाढवला नव्हता, पण मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. मी म्हटलं, नाही, हे कुंकू आहे, माझ्या आईनं लावलंय. त्याला काही ते पटलं नाही. त्यानं मागे वळून आतल्या टेबलावरच्या एका बाईंना बोलावलं. साडी नेसलेल्या, मंगळसूत्र घातलेल्या, पन्नाशीच्या कारकून बाई. इथल्याच, बहुतेक आपल्याकडच्याच. ती शाई आहे की काय, हे त्या बाई सांगणार होत्या, आणि त्यावर माझं सगळं ठरणार होतं.

बाईंनी पान उजेडात धरलं, बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी वास घेतला. मग बोट पुसायला म्हणून पदर हातात घेतला आणि तशाच थबकल्या. पदर सोडला आणि ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. विचार करून केलं नव्हतं ते. देवाचं कुंकू बोटाला लागलं तर आपण ते कुठे पुसत नाही, कपाळाला लावतो, तेवढंच. पण साहेब त्यांच्याकडे बघतच राहिला. असं का केलंत, त्यानं विचारलं. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, हे पुसायचं नसतं सर. देवाचं आहे. आणि त्या जाता जाता माझ्याकडे एकदा बघून आपल्या टेबलावर जाऊन बसल्या. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

साहेबानं सातबारा पाहिला नाही, कॉलेजचं पत्र पाहिलं नाही. तुझ्या आईनं हे कशासाठी केलं, एवढंच विचारलं. आणि इतक्या दिवसांचा साठलेला राग माझ्या तोंडून बाहेर पडला, सगळा इंग्रजीत, जसा जमेल तसा. मी सांगितलं, माझ्या घरचे देव पाण्यात बुडवून ठेवलेत, तुमच्या व्हिसासाठी. ज्या गावात माणसांना प्यायला पाणी नाही तिथे. तुम्ही विचारता परत येशील का. आमचं निम्मं गाव दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊस तोडायला कोपरगावकडे जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. त्यांच्याकडे कुणी कागद मागत नाही. जायचं ते यायलाच, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

"आणि मी नाही म्हणालो तर?" तो म्हणाला. "देव पाण्यातच राहणार?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, मी आज घरी जाऊन माझ्या हातानं त्यांना बाहेर काढणार आहे. तुमच्या शिक्क्यासाठी आमच्या देवांनी का बुडून बसायचं?"

हे बोलले आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या अंगातली सगळी आग एकदम विझली. इतके महिने मुठीत घट्ट धरलेलं काहीतरी सुटलं. व्हिसा, प्रयोगशाळा, सप्टेंबर, सगळं तसंच महत्त्वाचं होतं, पण ते आता माझ्या हातात नव्हतं आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. फक्त आईची आठवण आली, खिडकीखाली उभी असलेली. भाकरी अजून पिशवीत तशीच होती. साहेबानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, दुपारी येऊन पासपोर्ट घेऊन जा. याचा अर्थ व्हिसा मिळाला, हे मला मागच्या माणसानं सांगेपर्यंत कळलं नाही. मी बाहेर फुटपाथवर बसून ती शिळी भाकरी खाल्ली आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले ती तडक देवघराकडे गेले. म्हटल्याप्रमाणे माझ्या हातानं देव काढायचे होते. तर घंगाळ भिंतीशी पालथं, कोरडं ठणठणीत. टाक पुसून जागेवर मांडलेले, पुढे कण्हेरीचं फूल. आई चुलीशी होती. मला वाटलं, बातमी माझ्या आधी पोचली की काय! पण गावात फोन नव्हता आणि मी कुणाला कळवलंही नव्हतं.

"कधी काढलेस?" मी विचारलं.

"तू गेलीस तवाच," ती म्हणाली. शेजारच्या सखूबाईची म्हैस व्याली होती, टँकर आला नव्हता आणि सखूबाई दारात पाणी मागायला आली होती. घरात पाणी होतं ते देवांच्या घंगाळातलं. "म्या देवाला म्हनलं, तुमी बसा बाहीर, तिची म्हस व्याली हाय. आन तू बी उपाशी, रागानं गेलीस. म्हनलं, असं कोंडून कशाला मागायचं? द्यायचं तर देतील, न्हाई तर न्हाई."

म्हणजे मी काचेसमोर उभी राहून देव पाण्यात आहेत म्हणून सांगत होते, तेव्हा ते कोरडे, आपल्या जागी बसलेले होते. आईनं त्यांना सोडलं होतं आणि मीही सोडलं होतं, एकमेकींना न विचारता. मी तिच्या हातात पासपोर्ट दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी नवं पान तिनं बरोबर ओळखलं. मग देवापुढच्या कुंकवात बोट बुडवून हात पुढे केला, तो तसाच मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लाव.

हा चमत्कार होता का, ते मी सांगत बसत नाही. त्या बाईंनी बोट पदराला पुसलं असतं तर काय झालं असतं, एवढं मात्र अजून मनात येतं आणि हात आपोआप जोडले जातात. राग माझा गेला नाही, तो आहे तसाच आहे. पण राग धरून देवाच्या दारात उभं राहता येतं आणि तो हाकलून देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फक्त कधीतरी मूठ उघडावी लागते.

परदेशी निघताना एस.टी. थांब्यावर मी आईला चिडवलं होतं. म्हटलं, आता मी परत येईपर्यंत पुन्हा घालणार का त्यांना पाण्यात?

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "आता त्यांना बी मोकळं सोडलं आन तुला बी."

गाडी हलेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहिली. या वेळी मी वळणापर्यंत तिच्याकडेच बघत होते. दोन वर्षं पुरी झाल्यावर मी परत आले तेव्हा ती त्याच थांब्यावर उभी होती.