डाक्टरच्या चष्म्यातली पांदन

भुताखेताले भेनारा मानूस मी नाई. बायको गेल्यापासून मात्र दिवसाउजेडी सोताच्या वावरात जाले भेतो.

वावराच्या रस्त्यानं, पांदनीनं निंगालो का मांगं तिची चप्पल वाजते. लग्न झाल्यापासून ते माह्या मांगंच चालत आली, डोक्शावर टोपलं, हातात पान्याची कॅन. मी थांबलो का आवाजबी थांबते. वावरात तूर वाळून गेली, अन् मी गोठ्यात बसून बैलाले गमती सांगून राह्यलो. बैल हसले नाई, पन उठूनबी गेले नाई.

जेवन सुटलं, झोप सुटली. तवा पोरगी मालेगावहून सासरची कामं टाकून आली अन् मले वाशीमच्या डाक्टरकडे घेऊन गेली. डाक्टर म्हने हे भूत नाई, मनाचा आजार हाये. गोळ्या देल्ल्या. मंग घान्याच्या बैलाले बांधतेत तसं डोयाले कम्प्युटरच्या चष्म्याचं झापड बांधलं.

पाह्यतो तं आत पांदन! दोन्हीकून बाभयी, समोर तूर. अन् कानात एक बाई बोले. डाक्टर म्हने बाई नाई, कम्प्युटरची अक्कल हाये, तुमी जसे चालसान तसं इचारते. म्या तिले माह्या ठेवनीतल्या गमती सांगतल्या. हसली नाई. "आत्ता कसं वाटतंय?" म्हने. एवढं बेकार गिऱ्हाईक मले जन्मात भेटलं नाई.

चाललो. घडीघडी मांगं पाहू. मांगं रस्ता रिकामा.

"तुम्ही सारखं मागे का बघता?" तिनं इचारलं.

गंमत सुचली नाई. चप्पल वाजते, म्हनलं. तवाबी ते हसली नाई, अन् मले बरं वाटलं. आवाज आला तरी थांबू नका म्हने. नाई थांबलो, अन् डाक्टरच्या टेबलावर जाऊन आपटलो.

असं लय खेपा केलं. मंग डाक्टर म्हने आता खऱ्या रस्त्यानं जा, सोबत कोनी घ्या. पोरगी आली, टोपलं घेऊन, अनवानी, माह्या मांगं. बाभयीजवय चप्पल वाजली. म्या वळून पाह्यलं. पुढं गेलो, पुन्हा पाह्यलं. पोरीनं टोपलं खाली ठेवलं.

"बाबा, माय जित्ती होती तवा एकदाबी मांगं वळून पाह्यलं नाई तुमी. आता कायले पाह्यता? चाला, तूर गळून राह्यली."