हात लावण्याआधी विचारणाऱ्या मॅडम

कबड्डी म्हणजे अंगाला अंग भिडवायचा खेळ. पाय धरायचा, कंबर धरायची, चौघींनी मिळून एकीला मातीत लोळवायचं. हा खेळ शिकवणाऱ्या आमच्या मॅडम मात्र मुलीचा खांदा सरळ करायचा असला तरी आधी विचारत, "हात लावू का गं?" मुलीने मान हलवली तरच त्यांचा हात लागायचा. नाहीतर त्या स्वतः मातीत बसून दाखवत, "हे बघ, असं."

ताडकळस गावात आम्हाला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. येता-जाता कुणीही वेणी ओढायचं, पाठीत धपाटा घालायचं. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला हसू आवरायचं नाही. डबा खाताना आम्ही एकमेकींना विचारायचो, "तुझ्या भाजीला हात लावू का?" मॅडमच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या आमच्याहून मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "विचारा की. अन् ती नको म्हणाली तर मुकाट आपली चटणी खा."

पुटपुटलेलं बोलणं त्यांना अजिबात खपत नसे. सराव संपला की आम्हाला मैदानाच्या दोन टोकांना उभं करून मोठ्याने 'नको' म्हणायला लावत. माझं 'नको' शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. "कामून गं, उपाशी हायेस का?" त्या विचारायच्या. हळूहळू आवाज फुटला. बाजाराच्या दिवशी तर लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. मॅडम लांबूनच हात हलवायच्या, "काही न्हाई, सराव चालू हाय."

मी अकरावीत असताना परभणीला निवड शिबिराला गेले. तिथे एक नावाजलेले प्रशिक्षक होते. स्नायूंचा ताण काढून देण्याच्या निमित्ताने ते मुलींच्या फार जवळ यायचे. मुली आक्रसून जायच्या, पण बोलायचं कुणी नाही. माझ्यापाशी आले तेव्हा मी मागे सरकले. त्यांनी तरीही हात पुढे केला आणि माझ्या तोंडून 'नको' बाहेर पडलं ते एवढं मोठ्याने, की सगळं मैदान वळून बघायला लागलं. ते हळूच म्हणाले, "निवड व्हायची हाय ना तुझी?"

मी तशीच मैदानाबाहेर आले. मैत्रिणीच्या फोनवरून मॅडमना कळवलं, तर मिळेल त्या एसटीने त्या आल्या. आल्याबरोबर विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हणाले. समोर बसवून त्यांनी मला जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तक्रार करायची का, हे तू ठरव. करायची म्हणालीस तर मी संगं हाय."

मी हो म्हणाले. शिबिराच्या प्रमुख बाईंसमोर आम्ही दोघी बसलो होतो, तेवढ्यात दारातून आणखी एक मुलगी आत आली, मग तिच्या मागून दुसरी. त्यांनाही तेच सांगायचं होतं. त्या प्रशिक्षकांना त्याच दिवशी शिबिरातून काढलं. पुढे चौकशी होऊन त्यांचं मुलींना शिकवणंच बंद झालं. निवड दुसऱ्यांनी केली. मी राखीव खेळाडू ठरले. मॅडमनी राखीवचेसुद्धा पेढे वाटले.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. आई म्हणाली, "बास झाला खेळ. घरी बस." मॅडम घरी आल्या, अंगणात बसून चहा घेतला आणि आईला म्हणाल्या, "ताई, वाईट वागला तो. हिनं कामून घरी बसायचं?" मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुमी मैदानावर या. मी काय शिकवते ते बघा. न्हाई पटलं तर घेऊन जा पोरीला."

दुसऱ्या दिवशी आई डोक्यावर पदर घेऊन आली. सोबत सोलायला तुरीच्या शेंगा. त्या दिवशी तिने शेंगा सोलल्या. पुढच्या आठवड्यात शेंगा तशाच मांडीवर राहिल्या आणि आई ओरडत होती, "धर की तिचा पाय!" मग शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या जावा आल्या. मैदानाच्या कडेला आयांची रोजची बैठकच बसू लागली.

पुढे मॅडमची पाथरीला बदली झाली. निरोपाच्या दिवशी आया म्हणाल्या, भाषणं नकोत, आम्हाला एक डाव खेळायचाय. पदर खोचून सगळ्या उभ्या राहिल्या. मॅडम चढाईला आल्या आणि माझ्या आईने त्यांचा घोटा जो धरला, तो सोडलाच नाही. मॅडम मातीत पडून इतक्या हसल्या की त्यांना उठवायला आम्हा मुलींना जावं लागलं. माती झटकत त्या आईला म्हणाल्या, "ताई, तुमची पकड लय पक्की हाय. इतकी वर्षं कुठं होतात?" आई लाजली. मॅडम एसटीत बसेपर्यंत आम्ही हसत होतो. बस वळली, तेव्हा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर जायला मन होईना. उशिराच गेले. बघते तर आई एका हाताने साडी सावरत, दुसऱ्या हाताने फक्की टाकून मैदानाच्या रेषा आखत होती.