सायलीच्या पोटावर ठेवलेला हात

आज रविवार. लेकीला, सायलीला, पहाटे कळा सुरू झाल्या म्हणून आचोळ्याहून वसईच्या हॉस्पिटलात गेलो. दुपारी नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

सायली माझ्यासारखीच, तोंडातून आवाज काढत नाही. मला वाटलं कळा थांबल्या, आता सिझर करावं लागणार. तसं मी सिस्टरला म्हटलं.

"आजी, तोंडाकडे नका बघू, पोटाकडे बघा," ती हसून म्हणाली. तिने माझा हात आपल्या हाताशेजारी सायलीच्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालं, मग हळूहळू सैल पडलं. घड्याळ बघून तिने तक्त्यावर नोंद केली.

"ओरडत नाही म्हणजे कळ नाही, असं नसतं. पिशवीचं तोंडही छान उघडतंय."

"आई, आता तरी पटलं?" सायली पुटपुटली.

सायलीचे बाबा दिवाळीनंतर गेले. मी चारचौघांत रडले नाही, म्हणून बरंच ऐकून घेतलं. आज सिस्टरचं ते वाक्य ऐकून फार बरं वाटलं.

तुमच्या घरातही असं न बोलणारं कोणी आहे का?

जावई तिथेच थांबलेत. मी घरी येऊन एकटीपुरती मुगाची खिचडी टाकली, वर तूप घेतलं आणि पोटभर जेवले.