खेळांची वही कुणाची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहून मी पापांची कबुली म्हणते. शब्द तोंडपाठ आहेत, ओठ आपोआप हलतात — आणि ही एक गोष्ट तेवढी बाजूला ठेवून मी खाली बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचा धीर होतोय. की ओळखत नाही म्हणून नुसतं सोपं वाटतंय? तसंही असेल.

नगरच्या लष्करी छावणीत जवानांच्या मुलांसाठी एक केंद्र आहे, तिथे मी शिक्षिका आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच. सकाळी दोन-तीन वर्षांची पिल्लं येतात, दुपारी शाळा सुटली की मोठी मुलं. खेळ, चित्रं, अभ्यास, मग संध्याकाळी आई येऊन घेऊन जाते. आईच, कारण बऱ्याच जणांचे वडील लांब कुठेतरी सरहद्दीवर असतात. मधूनच सरावाच्या तोफांचे आवाज येतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवा पाहुणा दचकतो. आमची पोरं खिचडी खात राहतात.

या मुलांचं मला फार कौतुक आहे, आधी तेच सांगते. दर दोन-तीन वर्षांनी वडिलांची बदली. सहा वर्षांची मुलगी तीन भाषा मोडक्यातोडक्या बोलते आणि स्वतःची पेटी स्वतः भरते. लोकांना वाटतं, फौजींची मुलं रडत नाहीत. रडतात हो. फक्त कुठे रडायचं ते शोधून ठेवतात. आमच्याकडे भांड्यांच्या कपाटामागे एक जागा होती, तिथे मी कित्येकांना बघून न बघितल्यासारखं केलंय.

सगळ्यात अवघड म्हणजे वर्षाच्या मध्येच आलेलं मूल. दाराजवळ बसायचं, पाठीवरचं दप्तर काढायचंच नाही. दप्तर काढलं म्हणजे इथे राहायचं कबूल केलं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. मी सगळं करून पाहायची. मांडीवर घ्यायची, लिमलेटची गोळी द्यायची, टाळ्या वाजवून गाणी म्हणायची. माझ्याकडे पदविका आहे, आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक. पण दप्तर काही निघायचं नाही.

मग सुनंदा आली.

सुनंदा घोडेगावची. तिचे वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात गाई-बैलांची खरेदी-विक्री करायचे. नवरा जवान. त्याला सरहद्दीवर पाठवल्यावर तिला नगरला क्वार्टर मिळालं आणि ती आमच्याकडे मदतनीस म्हणून लागली. शिक्षण दहावी. मुलांची तोंडं पुसायची, भांडी घासायची, चटया झटकायची. पहिल्या महिन्यात मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

एकदा पंजाबातून एक मुलगी आली, हरलीन. तीन दिवस दप्तर पाठीवर. चौथ्या दिवशी सुनंदा तिच्या शेजारी जाऊन बसली, तिच्याकडे न बघता. आपल्या तोडक्या हिंदीत विचारलं, तिकडे तुम्ही काय खेळायचात? हरलीननं बऱ्याच वेळानं बोटानं फरशीवर काही रेघा ओढल्या. सुनंदानं खडू घेतला आणि त्या रेघा काढल्या — मुद्दाम चुकीच्या. हरलीननं मान हलवली. सुनंदानं पुसून पुन्हा चुकीच्या काढल्या. तेव्हा मात्र पोरगी वैतागली, खडू हिसकावून घेतला, आणि वाकताना दप्तर पुढे येतंय म्हणून तिनं ते काढून बाजूला टाकलं. दुपारपर्यंत ती सगळ्या मुलांवर ओरडत होती, नियम पाळत नाहीत म्हणून.

मी थक्क झाले. हे तुला कुठून सुचलं, म्हणून विचारलं.

"त्यात काय हाय, ताई," ती म्हणाली. "आमचे आबा बाजारातून गाय आनायचे ना, तर तिच्या जुन्या मालकाकडून चार पेंढ्या वैरन मागून घ्यायचे. नव्या दावनीला जनावर पयल्या दिशी चाऱ्याला तोंड लावत न्हाई. जुनी वैरन पुढं टाकली की खातं. खाता खाता रुळतं. पोर काय येगळं हाय व्हय?"

तेव्हापासून आमच्याकडे तशी पद्धतच पडली. नवं मूल आलं की पहिल्या दिवशी त्याला काही शिकवायचं नाही, त्यानं आम्हाला शिकवायचं. आधीच्या छावणीतला एक खेळ. सुनंदानं दोनशे पानी वही आणली. प्रत्येक खेळाला एक पान — वर मुलाचं नाव, गावाचं नाव, खाली रेघांचा नकाशा आणि नियम, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. खेळ त्या मुलाच्या नावानं ओळखला जायचा. मूल बदलीवर गेलं तरी खेळ इथेच राहायचा. "आज हरलीन खेळू या," असं मुलं म्हणायची, आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी हरलीनला पाहिलेलंही नसायचं. बदलीवर निघालेली मुलं शेवटच्या दिवशी यायची, आपलं पान उघडून बघायची, आणि निमूट जायची. मी इतकी वर्षं या कामात आहे. याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही, शिकवलेलं तर मुळीच नाही.

मला आनंद झाला होता का? झाला होता, शपथेवर सांगते. पण आनंदाच्या बुडाशी काहीतरी खुपत होतं. मुलं आता दारातून आली की तिच्याकडे पळायची. तिचं दहावीचं शिक्षण, माझी पदविका — आणि मी चटया झटकते आहे की काय असं मला वाटायला लागलं.

मग एक दिवस केंद्र बघायला एका मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या. त्यांच्या शब्दावर केंद्रात बरंच काही हलायचं. त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली, एका पानावर थांबून हसल्या. विचारलं, "ये किसका आयडिया है?"

सुनंदा माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती.

मी म्हणाले, "जी, मेरा."

आणि पुढे बोलतच राहिले. मुलाच्या पूर्वानुभवाचा आदर, बालमानसशास्त्र, असलं बरंच. गाईचा, वैरणीचा उल्लेखही नाही. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि बाईंपुढे पाणी धरलं. संध्याकाळी भांडी आवरताना मला म्हणाली, "बरं झालं ताई, तुमी गाईचं न्हाई सांगितलं. हसल्या असत्या त्या." म्हणजे तिनं माझ्या खोटेपणाची चांगली बाजू शोधून काढली, आणि माझ्याच हातात दिली. मी ती घेतली. "हो ना," म्हणाले.

त्यानंतर मला दुसऱ्या केंद्रांत बोलवायला लागले, पद्धत समजावून सांगायला. फोटो निघाले. मी साडीला इस्त्री करून जायची.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? चारचौघांत एक थाप मारली, मग ती निस्तरता आली नाही. माणसाकडून होतं असं. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण मी जे सांगायला बसले आहे ते हे नव्हे. ते पुढे आहे — आणि बघा, मी अजून टाळतेच आहे.

दोन वर्षांनी सुनंदाच्या नवऱ्याची बदली झाली. या वेळी कुटुंब बरोबर नेता येणार होतं. नव्या छावणीतल्या केंद्रात एका मदतनीस बाईला प्रशिक्षणाला पाठवून शिक्षिका करणार होते. अट अशी, की आधीच्या केंद्राचं पत्र हवं — या बाईनं मुलांबरोबर स्वतःच्या डोक्यानं काही काम केलंय, असं सांगणारं. दुसरी अट वयाची होती. सुनंदाचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नव्हतं.

ती कोरा कागद घेऊनच आली माझ्याकडे. मुलं गेली होती. ती खुर्चीवर न बसता मुलांच्या चटईवर बसली.

"ताई, येवढंच लिवा, का वही मी सुरू केली. दुसरं काय नको," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईनं म्हणाली, "न्हाई तर दोघींनी मिळून केली म्हना. तुमचं नाव आधी घाला. मला बी तुमच्यासारखी शिकवनारी ताई व्हायचंय वो. लई दिस झाले, मनात हाय."

स्वतःच्या गोष्टीतला अर्धा वाटा ती मलाच देऊ करत होती. तेही पहिलं नाव माझं.

मी दोन दिवस घेतले. दोन दिवसांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: यांनी आमच्या केंद्रात मदतनीस म्हणून काम केले. त्या प्रामाणिक व कष्टाळू असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. बस्स. खाली माझी सही, केंद्राचा शिक्का. वहीचं नावही नाही. पत्र केंद्राकडून केंद्राकडे बंद पाकिटात जायची पद्धत आहे. मी पाकीट चिकटवलं; नेऊन द्यायचं मात्र तिनंच.

का? पकडली जाईन म्हणून? कोण पकडणार होतं मला? त्या मोठ्या साहेबांची बदली चार महिने आधीच झाली होती, बाईही गेल्या होत्या. छावणीत माणसं टिकत नाहीत. ज्यांनी सुनंदाला खडू हातात घेऊन फरशीवर बसलेलं पाहिलं होतं, ते सगळे देशभर पांगले होते. जे नवे आले त्यांना मी सांगितलं तेच खरं. मागे राहिले ती फक्त मी, इथली नगरची. मला कुणाचीही भीती नव्हती. तरी मी ते पत्र तसं लिहिलं, कारण ती शिक्षिका झाली असती तर ती माझ्याहून चांगली झाली असती. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

निघायच्या दिवशी ती घरच्या शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. पाकीट तिनं दहावीच्या प्रमाणपत्राजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलं. "तुमच्या हातचं हाय म्हनल्यावर काम व्हनारच," म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

दीड महिन्यानं फोन आला. "न्हाई झालं, ताई. दुसरीला घेतलं. आसू द्या. मदतनीस म्हनून ठिवलंय मला." पत्रात काय लिहिलं होतं हे तिनं विचारलं नाही. हरलीनचा खेळ अजून कुणी खेळतं का, ते विचारलं. मी म्हटलं, हो, रोज. तेवढं तरी खरं होतं.

पुन्हा मी तिला फोन केला नाही. वही आजही आमच्या केंद्रात आहे. तिची पानं भरली, मग मी दुसरी वही आणली. पहिल्या वहीचं पुठ्ठ्याचं वेष्टण फाटलं होतं म्हणून नवं घातलं, आणि त्यावर कुणाचंच नाव घातलं नाही.

आता शेवटचं. यंदा जूनमध्ये एक मुलगी आली, सुनंदा गेली त्याच छावणीतून. आई साताऱ्याकडची. मुलीनं दारातच दप्तर काढलं आणि माझ्यापुढे हात केला. मला कळेना. आई हसून म्हणाली, "खडू मागतीय. तिकडं पण नव्या मुलांनी खेळ शिकवायची पद्धत हाय. तिथं एक सुनंदा मावशी हायेत, मदतनीस. तुमच्या नगरच्याच. सगळं त्याच करतात. त्यांनीच सुरू केलं म्हणे."

खोलीत आमच्या दोन नव्या शिक्षिका होत्या. तरुण, हुशार पोरी. दोघी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही मी हीच पद्धत शिकवली होती, माझी म्हणून. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? नोकरी गेली नसती. कुणी रागावलंही नसतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि माझ्या मनात ते तयारही होतं.

मी मुलीच्या हातात खडू दिला आणि तिच्या आईला म्हणाले, "हो, सुनंदा. माझ्याच हाताखाली शिकली ती."

"तरीच," ती बाई म्हणाली. "मी म्हणायचे, भांडी घासणाऱ्या बाईला असलं कुठून सुचलं."

मी हसले, आणि मान हलवली.