खुंट्यावरचा दुसरा हात

कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या वस्तीवर साखरबाईंविषयी शेजारी एकच गोष्ट सांगत: बाई रीतीची पक्की. कुणाकडे लग्नकार्य निघाले की कशाला कोणाचा हात लागावा आणि कोणाचा लागू नये, हे भटजींच्याही आधी साखरबाईंना विचारले जाई. नवा ट्रॅक्टर नेमका अमावास्येला आला, तर त्यांनी तो दारात येऊ दिला नाही. रात्रभर तो रस्त्यावर उभा राहिला आणि त्याच्या राखणीला त्यांचे पती रामहरीतात्या. "ट्रॅक्टरपरीस मलाच जास्त थंडी वाजली," असे तात्या अजूनही सांगतात. शेजारी हसत, पण त्या हसण्यात आदर असे. साखरबाईंनी तो आदर आयुष्यभर अंगावर बाळगला. गेल्या वर्षी मात्र तो त्यांना टोचू लागला, आणि त्याला कारण झाली एक दूरदर्शन मालिका.

सुप्याकडच्या कोरड्या माळावर चित्रित झालेली ही मालिका संध्याकाळी लागे. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारी एक आई, एवढीच तिची कथा. ती इतकी सावकाश चाले की वस्तीवर तिला 'मुंगी' असेच नाव पडले. "लागली का मुंगी?" असे विचारत लोक साखरबाईंच्या पडवीत जमत. समोरच्या घरातला दादासो सर्वांत आधी येई आणि सर्वांत जास्त कुरकुरे.

"परवा घागर घेऊन निघालेली, आज आडाव पोचली. उद्या सुटी. म्हंजी पाणी शेंदायचं सोमवारी."

"मग बघू नका तुमी," साखरबाईंची सून अनिता म्हणे.

"बघू नको कसं? सोमवारी घागर फुटली म्हंजी?"

तरीही सगळे शेवटपर्यंत बसत. त्या आईच्या चालण्यामागे, नुसते बसून राहण्यामागे जो आवाज घुमे, तो साखरबाईंचा होता.

तो आवाज मालिकेत गेला त्याची हकीकत साधी होती. नातू अजितच्या हळदीला त्याच्या पुण्यातल्या मित्रांबरोबर ज्ञानेश नावाचा तरुण आला होता. मालिकेचे संगीत तो करत होता. आमच्याकडे पीठ गिरणीतून येते, पण लग्नाची हळद अजून जात्यावरच दळतात, आणि दळताना ओव्या होतात. ज्ञानेशने परवानगी विचारून आवाज टिपायचे यंत्र जात्याजवळ ठेवले.

जात्यावर एकटी बाई गात नाही. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीने ओळ म्हणून थांबायचे, दुसरीने ती उचलून पुढची ओळ जोडायची. साखरबाई लग्न होऊन या वस्तीवर आल्या तेव्हापासून त्यांच्या समोरचा दुसरा हात भामाबाईंचा होता. भामाबाई भिंतीला भिंत लागून राहतात. दोघींचे माहेर इंदापूर तालुक्यातले लोणी देवकर. आता जिथे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, त्या शिवारात दोघी लहानपणी शेळ्यांमागे फिरल्या होत्या. पण अजितच्या लग्नाच्या आदल्या वर्षी भामाबाईंचे पती वारले, आणि हळदीच्या जात्याला विधवेचा हात लागत नाही, अशी रीत आहे. त्या दिवशी साखरबाईंच्या समोर अनिताची धाकटी बहीण बसली. तिला खुंटा फिरवता आला, ओवी येत नव्हती.

"तुमच्या जोडीला गाणारं कुणी असेल ना, आजी?" ज्ञानेशने विचारले. "हळद आवरल्यावर त्यांना बोलवू. मी थांबतो."

"न्हाय," साखरबाई म्हणाल्या. "हितं आता कुणी गात न्हाय."

जमलेल्या सवाशिणींनी हे ऐकले आणि कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. भिंतीपलीकडे भामाबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

साखरबाई गायल्या. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत. समोरून उचलायला कोणी नव्हते, तरी सवयीने तेवढा वेळ सोडत आणि मगच पुढची ओळ घेत. ज्ञानेशने ते जसेच्या तसे ठेवले.

मालिकेवर प्रेक्षक जे लिहीत, ते अनिता मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवी. निम्मे लोक वैतागलेले असत. 'मुलगा येईपर्यंत आमचीच मुलं मोठी होतील,' असे कुणीतरी नाशिकहून लिहिले होते. पण संगीताविषयी सगळे एका सुरात बोलत. एका बाईंनी लिहिले होते: 'त्या दोन ओळींमधली शांतता ऐकण्यासाठी मी ही मालिका पाहते. वाट पाहणे म्हणजे काय, ते तिथे कळते. संगीतकाराने ही जागा कशी शोधली असेल?'

"आत्या, बघा की काय लिवलंय," अनिता म्हणाली.

साखरबाई चहा ठेवायला आत गेल्या. त्यांचा आवाज लागला की हल्ली त्या नेहमीच आत जात. "म्हातारी लाजतीया," असे दादासो म्हणे.

लाजेचा प्रश्नच नव्हता. ती जागा कोणी शोधलेली नव्हती, ती भामाबाईंची होती, आणि ते ओळखणारे माणूस रोज पडवीत खांबाला टेकून बसत असे. भामाबाई कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बारामतीच्या एका महिला मंडळाने साखरबाईंचा सत्कार केला, तेव्हाही त्या पहिल्या रांगेत होत्या. घरी आल्यावर साखरबाईंनी सत्काराची शाल भामाबाईंच्या बाजेवर नेऊन ठेवली. "मला टोचती," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भामाबाईंनी ती घडी करून परत आणली. "तुझ्या नावाची हाय, साखरे. मी पांघरली तर लोक हसतील." मग साखरबाई मेथीचा पहिला तोडा, डाळिंबे, ताकाचा तांब्या, काहीबाही पाठवू लागल्या. भामाबाई सगळे घेत आणि त्यामुळे साखरबाईंना आणखीच जड जाई.

एका संध्याकाळी मालिकेतली आई अखेर जात्यापाशी बसली. संवाद नव्हता. साखरबाईंची ओवी प्रथमच पूर्ण लागली. पहिली ओळ झाली, शांतता आली, आणि खांबापाशी भामाबाईंनी ती हलकेच उचलली. बहुधा त्यांच्याही नकळत. हात मांडीवर खुंटा धरल्यासारखे फिरत होते. टीव्हीतल्या साखरबाईंनी पुढची ओळ घेतली, पुन्हा थांबल्या, आणि भामाबाईंनी पुन्हा उचलली. आवाज म्हातारा होता, पण ओळ जिथे टेकायला हवी तिथे अचूक टेकत होती. जाहिरात लागली तेव्हा भामाबाई ओशाळून पदर सावरू लागल्या.

"काकू," दादासो म्हणाला, "तुमी का न्हाय गेला मालिकेत? इतके दिस मला वाटायचं गाणं मधीच तुटतंय."

"हळदीचं जातं व्हतं, दादासो. मी कशी बसणार?" भामाबाई म्हणाल्या. "साखरबाईनं रीत पाळली. बरोबरच हाय ते."

"पाळणारच," रामहरीतात्या म्हणाले. "हितं ट्रॅक्टरला सुटली न्हाय रीत."

सगळे हसले. अनिता म्हणाली, "व्हय, आत्यांच्या हातनं रीत मोडायची न्हाय."

साखरबाई चहाच्या कपांचे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तरी चालले असते. ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांनीच माफीचे कारण हातात आणून दिले होते, आणि वस्तीने त्यावर मान डोलावली होती. त्यांनी ताट खाली ठेवले. त्या भामाबाईंच्या समोर येऊन, जात्याला बसतात तशा मांडी घालून बसल्या.

"भामे, रीतबीत काय न्हवती. हळद आवरल्याव थांबतो म्हणत व्हता तो पोरगा. तू बसलीस की माझा आवाज कुणाला ऐकू येत न्हाय, म्हणून न्हाय बोलावली तुला."